कान शाबूत, काम गेलं

कापूस वेचणीच्या दिवसांत तलमडुगूत कोणी रिकामं बसत नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेतली पोरंसुद्धा पऱ्हाटीत असतात. अशा दिवसांत, हैदराबादला 'कंपनीत' असलेला पन्नाशी उलटलेला माणूस बुधवारी-गुरुवारी घराच्या ओट्यावर दिसला, की गाव विचारतं, "सुट्टीवर आले का भाऊ?" पंधरा दिवसांनी तोच प्रश्न वेगळ्या सुरात येतो. महिन्यानंतर कोणी विचारत नाही.

हा माणूस कोणी एक नाही. आरोग्यसेवेत गेल्या तीस वर्षांत संगणक आला, त्याच्याबरोबर काही नवे व्यवसाय उभे राहिले, आणि त्यातले काही त्यात शिरलेली माणसं निवृत्त होण्याआधीच मावळले. त्या व्यवसायांत आयुष्य घातलेल्या कोणाचंही हे चित्र आहे. या पुस्तकात यंत्रांबद्दल पुष्कळ बोलून झालं. हे प्रकरण यंत्राशेजारी बसलेल्या माणसाचं आहे, आणि त्यासाठी मी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन हा व्यवसाय निवडला आहे. कारण त्याचा जन्म, ऐन भर आणि उतार हे तिन्ही एकाच पिढीने पाहिले.

आधी तलमडुगू का, ते सांगतो. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला हा मंडल महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. १९५६च्या भाषावार पुनर्रचनेत जुन्या हैदराबाद संस्थानातल्या याच जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके काढून मुंबई राज्याला जोडले गेले. बाकीचा भाग आंध्र प्रदेशात गेला. रेघ जमिनीवर पडली, बोलण्यावर पडली नाही. इथलं मूल घरात मराठी बोलतं, शाळेत आणि मंडल कार्यालयात तेलुगू, बाजारात गोंडी आणि कोलामी ऐकतं, बसमध्ये दखनी उर्दू. समोरचा कुठल्या भाषेतून विचार करून कुठल्या भाषेत बोलतोय, हे त्याला न शिकवता कळतं. सीमेवरच्या माणसाची ही खरी कमाई आहे, आणि एका व्यवसायाला नेमकी हीच हवी होती.

अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासून झाल्यावर लिहीत बसत नसे; तो फोनवर किंवा रेकॉर्डरवर भराभर बोलून मोकळा होई. तो आवाज तिथल्या संध्याकाळी भारतात यायचा, तेव्हा इथे सकाळ असायची. हेडफोन कानाला, पायाखाली पेडल: दाबलं की आवाज पुढे, सोडलं की थांबतो, टाच टेकवली की मागे. अमेरिकेतली सकाळ होईपर्यंत अहवाल टाइप होऊन तिथे पोचलेला असे. या कामाचं माप 'ओळ' हे होतं आणि एक ओळ म्हणजे ६५ अक्षरं. पगार ओळींवर, बढती अचूकतेवर. अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली गेली, की क्यूएकडून, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांकडून, फाइल परत. शब्द ऐकूच आला नाही, तर अंदाजाने भरायचा नाही, 'ब्लँक' सोडायचा, ही या धंद्यातली पहिली शिकवण. 'सेलेब्रेक्स' सांधेदुखीवरचं औषध, 'सेलेक्सा' नैराश्यावरचं आणि 'सेरेबिक्स' फिट्सवरचं. घाईत बोलणाऱ्याच्या तोंडून तिन्ही जवळजवळ सारखी ऐकू येतात. ऐकणाऱ्याला रुग्णाचा आजार समजला असेल, तरच बरोबर नाव उमटतं.

अमेरिकेतल्या इस्पितळांत बोलणारे डॉक्टर तरी सगळे अमेरिकन वळणाचे कुठे होते? कोणी नायजेरियाचा, कोणी फिलिपिन्सचा, कोणी गुंटूरचा. ओहायोतल्या तेलुगू डॉक्टरचं इंग्रजी तिथल्या टायपिस्टला अडायचं. हैदराबादेत बसलेल्या सीमेवरच्या पोराला ते घरचं वाटायचं. नव्वदच्या दशकात बेंगळुरू, मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथे हा उद्योग उभा राहिला आणि विज्ञान शाखेच्या पदवीधरांना बी.एड.च्या रांगेखेरीज दुसरी एक वाट मिळाली. शरीररचना, औषधांची नावं, शस्त्रक्रियांचे टप्पे ही माणसं ऐकून ऐकून शिकली. दहा वर्षं हृदयविकारांचे अहवाल टाइप केलेला माणूस डॉक्टर नसतो. पण डॉक्टर चुकून 'डाव्या'ऐवजी 'उजव्या' म्हणाला, तर तो थांबतो आणि शेरा टाकतो. त्याच्या थांबण्याने कोणाची तरी चुकीची बाजू उघडायची वाचली असेल. त्या अहवालावर त्याचं नाव मात्र नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग यंत्र ऐकायला लागलं. सुरुवातीला यंत्र कच्चा मसुदा काढायचं आणि माणूस तो दुरुस्त करायचा. टाइप करणाऱ्याचा झाला 'एडिटर', आणि एडिटिंगचा प्रति ओळ दर टायपिंगपेक्षा कमी. डोळ्याचं आणि कानाचं काम एकाच वेळी, म्हणजे ताण अधिक, दाम कमी. दुसरा धक्का कायद्यातून आला. अमेरिकेने फेब्रुवारी २००९मध्ये 'हायटेक' कायदा करून इस्पितळांना संगणकीय नोंदी ठेवण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अशा नोंदींची निदान मूलभूत पद्धत २००८मध्ये तिथल्या ९.४ टक्के इस्पितळांत होती, २०१५मध्ये ८३.८ टक्के इस्पितळांत झाली. डॉक्टर बोलायचं सोडून चौकटींवर टिचक्या मारू लागला. जिथे बोलणंच कमी झालं, तिथे ऐकणाऱ्याचं काम कुठून येणार? तिसरा धक्का २७ जून २०१७चा. 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्यात न्यूअन्स या मोठ्या कंपनीची ट्रान्स्क्रिप्शन यंत्रणा बंद पडली आणि ती पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. एवढे दिवस इस्पितळाने कोणाची वाट पाहायची?

यंत्र माणसाइतकं चांगलं झालं म्हणून माणूस गेला, असं सरसकट म्हटलं जातं. हे अर्धवट आहे. २०१८मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी २१७ अहवाल तीन टप्प्यांवर तपासले. नुसत्या यंत्राने काढलेल्या मसुद्यात शंभर शब्दांमागे ७.४ चुका होत्या. ट्रान्स्क्रिप्शनिस्टने हात फिरवल्यावर त्या ०.४वर आल्या. डॉक्टरने वाचून सही केल्यानंतर ०.३. साडेसातवरून अर्ध्याच्याही खाली, हे अंतर माणसाने कापलं होतं. डॉक्टरच्या सहीने त्यात पडलेली भर जेमतेम होती. यंत्रं त्यानंतर पुष्कळ सुधारली हे खरं. पण त्या वेळी ज्या हातांचं काम आटत होतं, ते निकामी झाले होते असं कोणी म्हणू नये. त्यांचा कान तेव्हा आयुष्यातला सर्वांत तयार होता.

आता २०२१ सालातल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. २८ मार्च २०२१ रोजी भारतात राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. लॅब टेक्निशियन, रेडिओग्राफर, फिजिओथेरपिस्ट अशा डॉक्टर-नर्सपलीकडच्या व्यवसायांना या कायद्याने पहिल्यांदा देशपातळीवर मान्यता दिली. त्याच्या परिशिष्टात आरोग्य-माहिती सांभाळणाऱ्यांचा वेगळा वर्ग आहे आणि त्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्ट हे नाव स्पष्ट छापलेलं आहे. पंधरा दिवसांनी, १२ एप्रिल २०२१ रोजी, मायक्रोसॉफ्टने न्यूअन्स विकत घेत असल्याचं जाहीर केलं: किंमत १९.७ अब्ज डॉलर. २०२३मध्ये आलेलं त्यांचं 'डॅक्स कोपायलट' डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणं खोलीतच ऐकतं आणि अहवालाचा मसुदा काही क्षणांत समोर ठेवतं. ज्या महिन्यात आपल्या देशाने या माणसाला व्यवसायाचं नाव दिलं, त्याच्या पुढच्याच महिन्यात जगाच्या बाजारात त्याच्या जागेचा सौदा झाला. वीस-पंचवीस वर्षं उशिरा आलेली मान्यता म्हणजे काय, ते याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

मग येतो तो दिवस. ही खोली सगळीकडे सारखीच असते: एचआरची, काचेच्या दाराची. "सर, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, राजीनामा दिलात तर रेकॉर्ड चांगलं राहील." एक कागद पुढे सरकतो. पन्नाशीच्या माणसाला मुलीची फी आठवते, घराचा हप्ता आठवतो, आणि भांडण नको म्हणून तो सही करतो. वीस वर्षं ज्याने ऐकू न आलेला एक शब्द कधी अंदाजाने भरला नाही, तो न वाचता सही करतो.

त्या सहीची किंमत मांडून दाखवतो. समजा वय ५२, नोकरी १८ वर्षं, महिना २४,००० रुपये, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळी रक्कम मूळ वेतनच धरू. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यातलं कलम २५-एफ म्हणत असे: कामगार कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. २१ नोव्हेंबर २०२५ला या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण हा हक्क तिच्यातही कायम आहे. म्हणजे नोटिशीचे २४,००० आणि भरपाईचे १२,००० गुणिले १८, म्हणजे २,१६,००० रुपये. ग्रॅच्युइटी वेगळी: २४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १८, म्हणजे सुमारे २,४९,२०० रुपये. नव्या संहितेत आणखी एक तरतूद आहे, कपात झालेल्याच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचं वेतन जमा करण्याची. बेरीज पाच लाखांच्या घरात जाते. राजीनाम्यावर सही झाली, की कायद्याच्या लेखी ती कपात राहत नाही. हक्क म्हणून उरते ती ग्रॅच्युइटी आणि करारात लिहिली असेल तेवढी नोटीस. निम्म्याहून थोडी कमी रक्कम त्या काचेच्या खोलीत राहून जाते.

ज्या देशाचे अहवाल या माणसाने जन्मभर टाइप केले, तिथला कायदा इथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत वयावरून नोकरीत भेदभाव करायला १९६७पासून बंदी आहे आणि चाळिशीच्या पुढचे सगळे तिच्या संरक्षणात येतात. १९९०च्या दुरुस्तीनुसार, अनेकांना एकदम काढताना अशा माणसाकडून वयाबद्दलचा दावा सोडल्याची सही घ्यायची असेल, तर त्याला विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. आपल्याकडे खासगी नोकरीत वयाच्या भेदभावाविरुद्ध असा कायदा नाही. पण ४५ दिवस कायद्याने दिले नाहीत, म्हणून एक रात्र मागायला कोणी मनाई केलेली नाही. "घरी वाचून उद्या देतो" हे वाक्य आधीपासून पाठ असावं.

"मी तर एक्झिक्युटिव्ह, मला कामगार कायदा कसा लागू होईल?" हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. ओळखपत्रावर काय छापलंय याला महत्त्व नाही. तुम्ही दिवसभर काय करता हे न्यायालय पाहतं. कारकुनी, तांत्रिक, कुशल काम करणारा कामगारच असतो, त्याला पगाराची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देखरेख करणाऱ्यांना: नव्या संहितेत महिना १८,००० रुपये. म्हणून नोकरीच्या उतारावर मिळालेलं 'टीम लीडर' हे बिरुद जपून घ्यावं. हाताखालच्यांची रजा मंजूर करण्याचा अधिकार नसताना नुसतं नाव मिळालं असेल, तर रोजचं प्रत्यक्ष काम काय ते ईमेलमधून दिसत राहील, एवढी काळजी घ्यावी.

यातली सर्वांत मोठी फट कंत्राटाची आहे. मुदतीचं कंत्राट मुदत संपली म्हणून संपलं, तर १९८४च्या दुरुस्तीपासून ती कपात धरली जात नाही. आरोग्यसेवेत ही फट आणखी रुंद, कारण इथे नोकरी अनेकदा योजनेची असते. तलमडुगूच्या लोकांना १०४ची गाडी आठवत असेल. संयुक्त आंध्र प्रदेशात २००८च्या सुमारास एचएमआरआय या संस्थेमार्फत ही सेवा सुरू झाली. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी गाडी गावात यायची. गरोदर बाया, बीपी, शुगर, दमा यांची तपासणी, महिन्याच्या गोळ्या, आणि प्रत्येकाची नोंद संगणकावर. गाडीत फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, डेटा एंट्री करणारा, चालक. संस्थेमागे सत्यम या संगणक कंपनीच्या राजू कुटुंबाचा हात होता. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचा घोटाळा उघड झाला, पुढे गाड्या सरकारच्या हाती गेल्या, मग २०१४मध्ये राज्याचीच दोन झाली. आंध्र प्रदेशाने १ जुलै २०२० रोजी १०८ आणि १०४च्या मिळून १,०८८ नव्या गाड्या रस्त्यावर आणल्या. तेलंगणाने ही फिरती सेवा नंतर गुंडाळली. क्रमांक एकच, काम एकच, पण दोन राज्यांच्या सीमेच्या अलीकडचा टेक्निशियन आणि पलीकडचा टेक्निशियन यांचं नशीब वेगळं. त्यात त्यांच्या कौशल्याचा काही संबंध नव्हता.

जून २०२१मध्ये तेलंगणाने आदिलाबादसह १९ जिल्ह्यांत निदान केंद्रं सुरू केली. आरोग्य केंद्रात रक्त काढायचं, नमुना जिल्ह्याला जायचा, यंत्र शेकडो तपासण्या करणार, निकाल मोबाइलवर. रुग्णाचा यात निखळ फायदा आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. ज्याने वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू मोजले, त्याच्या वाट्याला आता नळीवर बारकोड चिकटवण्याचं काम येऊ नये, एवढीच माझी मागणी आहे. हिवतापाच्या पट्ट्यात तो डोळा अजून लागतो.

हीच गोष्ट कानाची. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात सीमेवरचा रुग्ण सांगतो, "अंगात कसकस हाय, छातीत कळ मारते, डोकं भणभणते." ऐकणारा तेलुगू, लिहिणारा इंग्रजीत. २७ सप्टेंबर २०२१पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. आभा क्रमांक निघाले, कागदाची नोंद संगणकात जाऊ लागली. पण 'कसकस' म्हणजे ताप चढण्याआधीची अंगदुखी आणि 'कळ' म्हणजे थांबून थांबून येणारं दुखणं, हे त्या नोंदीत कोण नेमकं लिहिणार? अमेरिकन इंग्रजीवर यंत्रांनी अमाप मेहनत घेतली आहे. मराठी, तेलुगू, गोंडी मिसळलेल्या या बोलण्यावर तेवढी घेतलेली नाही. परत आलेल्या माणसाला 'आता काही उपयोग नाही' म्हणणाऱ्या गावाने, जिल्ह्याने आणि सरकारने हा कान वापरून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. २०२१चा कायदा त्याला नाव देतो. त्या नावावर जिल्हा रुग्णालयात एक जागा काढायला फार मोठा खर्च येणार नाही.

तोवर कागद. अहवालावर नाव नव्हतं, म्हणून वीस वर्षांच्या कामाचा पुरावा फक्त नोकरीच्या कागदांत असतो, आणि या धंद्यात कंपन्यांची नावं फार बदलली. स्फेरिस कंपनी २०१०मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सीबे-मेडक्विस्टने घेतली. मेडक्विस्ट २०१२मध्ये एम-मोडल झाली. तिच्यातून २०१९मध्ये अ‍ॅक्विटी निघाली. अ‍ॅक्विटी २०२३मध्ये नवी मुंबईच्या आयकेएस हेल्थने घेतली. खुर्ची न सोडताही एखाद्याच्या गळ्यातलं ओळखपत्र असं चार-पाच वेळा बदलू शकतं. प्रत्येक बदलात पीएफचा आस्थापना क्रमांक बदलला असेल, तर प्रत्येक वेळी नवं खातं उघडलेलं असतं. सगळी पीएफ खाती जोडणारा यूएएन क्रमांक २०१४मध्ये आला, त्याआधीची खाती अनेकांची अजून सुटी पडलेली आहेत. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. सुट्या खात्यांत ती चार, तीन, पाच अशी विखुरते आणि बेरीज होत नाही. पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के घट सोसून, आणि ती घट जन्मभराची. पैशाची फार निकड नसेल, तर ती घाई करू नये.

आरोग्य विम्याचंही तसंच. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते, ती नेमकी शुगर-बीपीच्या वयात. शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे व्यक्तिगत पॉलिसीसाठी अर्ज केला, तर आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ धरला जातो. दिवस उलटल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी असं कोणी परत आलं असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. त्याचा यूएएन उघडून सेवेच्या नोंदी एकत्र वाचा. प्रत्येक कंपनीपुढे दोन तारखा असतात, रुजू झाल्याची आणि सोडल्याची. सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर २०२०पासून ती कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते. आणि त्याने अजून सही केली नसेल, तर तो कागद आधी त्याच्याबरोबर वाचा.